चाल मोडू न देणारा एमरी

एमरी गोदे माणसांशी मोजकंच बोलायचा, तेही दुसऱ्याने चारदा विचारल्यावर. घोड्यांशी मात्र सकाळपासून त्याची टकळी चालू. समुद्रावर धुकं किती आहे, कुणाच्या बोटीचं इंजिन बसलं, पाद्रीबाबांनी रविवारी किती ताणलं, सगळं खरारा करता करता घोड्याच्या कानात. त्याची बायको झेल्मा हयात होती तेव्हा म्हणायची, "गावात काय चाललंय ते मला तबेल्याच्या भिंतीला कान लावल्यावर कळतं. घरात पाऊल टाकलं की याच्या तोंडाला कुलूप." झेल्मा गेल्यावर घरात ते कुलूप उघडायचं काही कारणच उरलं नाही.

कॅनडातल्या आमच्या प्रिन्स एडवर्ड बेटाच्या या पश्चिम टोकाला माणूस लॉब्स्टर धरतो नाहीतर बटाटे लावतो, आणि दोन्ही करून जीव शिल्लक राहिला तर घोडा पाळतो. घोडा शर्यतीचा. शर्यतही पाठीवर बसून नव्हे. मागे दोनचाकी हलकी गाडी आणि तिच्यात पाय फाकून बसलेला माणूस. आता यातली मेख अशी की, या शर्यतीत घोड्याने धावायचं नसतं. त्याने रवाल चालायची. म्हणजे एका अंगाचे दोन्ही पाय एकदम पुढे, मग दुसऱ्या अंगाचे दोन्ही. वेग हवा तेवढा असू दे, मोटारीला मागे टाकू दे, पण चाल रवालच. भरात येऊन उडी घेतली आणि धाव धरली की त्याने 'चाल मोडली'. मग गाडीवानाने लगाम खेचायचा, घोडा बाजूला काढायचा, परत रवालीवर आणायचा. तोवर बाकीचे पुढे गेलेले असतात आणि ज्यांनी त्या घोड्यावर पैसे लावलेले असतात ते गाडीवानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतात.

एमरीचा सगळा जन्म यात गेला. त्याचे वडील शेवाळ काढायचे. वादळानंतर समुद्र लाल शेवाळ किनाऱ्याकडे ढकलतो, तेव्हा घोडा छातीभर पाण्यात घालायचा आणि जाळं ओढायचं. तोच घोडा धुऊनपुसून रविवारी गाडीला. एमरी चालायला शिकला तो घोड्याच्या पायांना धरून, आणि शाळा सोडली तीही घोड्यापायीच. मोठी बक्षिसं त्याने फारशी मारली नाहीत. त्याच्या घोड्यांना शेवटच्या वळणावर दम कमी पडायचा, हे त्यालाही माहीत होतं. पण त्याचा घोडा चाल मोडत नसे. सगळ्या बेटावर ही ख्याती होती. लोक आपली नाठाळ जनावरं त्याच्या दारात आणून बांधायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी सुतासारखी सरळ झालेली परत न्यायचे. पलीकडच्या शेतातला अलीर शियासन, जो स्वतः तीस-चाळीस वर्षं गाडीवर बसला आणि ज्याने एमरीला आयुष्यभर टोचून खाल्लं, तोही म्हणायचा, "एमरीच्या हातातून गेलेल्या घोड्याच्या शेपटीखाली फटाका लावा, तो रवालच चालत घरी येईल."

सत्तरी उलटली आणि एमरीचं खुब्याचं हाड झिजलं. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात शस्त्रक्रिया, त्यानंतर घोडा विसरा. त्याने वाद घातला नाही. उन्हाळाभर एकेक करून घोडे विकले, गाडी विकली, सामान अलीरच्या पुतण्याला दिलं. शेवटी तबेल्यात एकच घोडी राहिली, टॅन्सी.

टॅन्सी लाल रंगाची, मोठ्या डोळ्यांची, शर्यतीतून दोन वर्षांपूर्वीच उतरलेली. स्वभावाने अशी गरीब की मांजर तिच्या पाठीवर झोपायचं. तिला गिऱ्हाईक मिळेना. बेटाच्या पूर्वेला मोटारी न वापरणारे आमिश लोक येऊन राहिलेत, त्यांना बग्गीला घोडे लागतात. त्यांच्यातले दोघं येऊन बघून गेले. पण त्यांना दुडकी चालणारा घोडा हवा होता, आणि मागून ट्रक आला की टॅन्सी रस्त्याच्या कडेला सरकते हे त्यांनी पाच मिनिटांत हेरलं. दाढी कुरवाळत, धन्यवाद म्हणून ते निघून गेले. मग उरली क्यूबेकची गाडी. शरद ऋतूत एक लांबलचक गाडी पुलावरून येते आणि नको असलेले घोडे लिलावाला घेऊन जाते. लिलावातून पुढे ते कुठे जातात हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

एमरीची मुलगी नोएला चाळिशीची, लॉब्स्टरच्या कारखान्यात कामाला, बापाच्या शेजारच्याच घरात राहणारी. तिने समरसाइड शहराच्या बाजूला स्वारीची शाळा चालवणाऱ्या कॉनी मॅकफीला बोलावून आणलं. कॉनी उंच, सुकी, कमी शब्दांची बाई. तिने टॅन्सीचे पाय चाचपले, तोंड बघितलं, पोटाखालून पलीकडे गेली. घोडी पेंगत उभी.

"घोडी सोन्यासारखी आहे," कॉनी म्हणाली. "माझ्याकडची एक म्हातारी झालीय, जागा रिकामी होतेय. पण एमरी, माझ्याकडे मुलं कँटर शिकायला येतात. तीन ठोक्यांची धाव, पाळण्यात बसल्यासारखी. ही धावते का?"

"आजवर धावली नाही," एमरी म्हणाला. त्याच्या आवाजात जरा अभिमानच होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं की इथे अभिमानाचं काही नाही.

"मग शिकवा. बटाटे निघेपर्यंत थांबते मी. त्याच्या पुढे नाही, मला हिवाळ्याआधी घोडा ठरवावा लागतो."

ती गेल्यावर नोएला म्हणाली, "मी बसते तिच्यावर. तुम्ही शिकवा."

"तुला बसता येतं?"

"बाबा, लहानपणी गवताच्या रानात तुमचा राखाडी घोडा बिनखोगिराचा दौडवला होता मी. विसरलात? चाबूक घेऊन मागे लागला होतात माझ्या."

"शर्यतीचा घोडा होता तो. चाल बिघडवलीस त्याची," एमरी म्हणाला. इतक्या वर्षांनंतरही त्याला ते आठवून खरोखर राग आला.

तर असा हा कारभार सुरू झाला. घोडीला खोगीर घातलं, तिने हूं की चूं केलं नाही. नोएला बसली, घोडी चालली. मग रवाल, ती तर तिच्या पोटात होती. पण आणखी वेग मागितला की घोडी रवालच वाढवायची. टाच लावा, आणखी रवाल. जीभ वाजवा, आणखी. कान मागे, मान ताठ, पाय शिवणयंत्रासारखे, आणि वर नोएलाचे दात एकमेकांवर आपटतायत. रोज संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर ती घोडीवर बसायची आणि उतरली की कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

एमरीने डोकं चालवलं. घोडा कसा धावतो हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? आयुष्यभर त्याने तेच तर होऊ दिलं नव्हतं. चाल कुठे मोडते ते त्याला पाठ होतं: चढावर, वळणावर, आणि पायाखाली काहीतरी आडवं आलं की. मग त्याने घरामागच्या चढाच्या शेताचं वळण निवडलं आणि तिथे कुंपणाचा एक वासा जमिनीवर आडवा टाकला. टॅन्सी चढावर वळली, वाशावरून टुणकन उडी मारली आणि पलीकडे उतरली ती धावेवरच. एक झेप, दुसरी झेप, आणि धप्पकन परत रवाल. त्याहून वाईट म्हणजे ती लगेच हळू होऊन थांबली, मान खाली घातली आणि डोळे मिटल्यासारखे केले. ओरडा खायची तयारी.

एमरीने ती खाली गेलेली मान ओळखली. हे तिला त्यानेच शिकवलं होतं. कधी मारलं नव्हतं, पण शिकवलं होतं.

"शाब्बास म्हण तिला," तो नोएलाला म्हणाला. "मानेवर थोपट. चांगलं केलंस म्हण."

नोएलाने थोपटलं. घोडीने एक कान हलवला. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

पुढचे कित्येक दिवस तेच. वासा, उडी, दोन झेपा, थांब. कधी तीन. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि एमरी गोदे घोड्याला चाल मोडायला शिकवतोय ही बातमी तर पाद्रीबाबा मिशी ठेवतायत अशा तोलाची. अलीर आपल्या दोन जुन्या गाडीवान दोस्तांना घेऊन कुंपणावर येऊन बसायला लागला. थर्मासमध्ये चहा, मांडीवर डबा.

"नाल बदल," एक म्हणाला.

"दात दाखव कुणाला तरी. दाढ टोचत असेल," दुसरा.

अलीर म्हणाला, "एमरी, माझं ऐक. तिला कन्फेशनला ने. तिला पाप वाटतंय ते."

एमरीने तिघांकडेही लक्ष दिलं नाही. पण त्याला एक गोष्ट दिसली होती. घोडीने झेप घेतली की नोएलाचा हात नकळत मागे यायचा. अंगठ्याएवढाच, पण लगाम आवळला जायचा.

"तुझा हात," तो म्हणाला. "तू धरतेस तिला."

"मी कुठे धरते?"

"धरतेस. झेप आली की धरतेस."

नोएलाने पुढच्या खेपेला आपल्याच हाताकडे बघितलं आणि हसायलाच लागली. "तुमचाच हात आहे हा, बाबा. वारशात मिळालाय."

उपाय सोपा होता. घोडीच्या गळ्यात एक जुना पट्टा बांधला. झेप आली की नोएलाने पट्टा धरायचा, म्हणजे हात मागे येणारच नाही. फरक पडला. दोनाच्या चार झेपा झाल्या. पण पाचवी येईना. चौथ्या झेपेला घोडी जणू भिंतीवर आदळायची आणि मान खाली. लगाम सैल, वाट मोकळी, चढ तोच, आणि तरी घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. शेजाऱ्यांनी बटाट्याची यंत्रं बाहेर काढून धुवायला घेतली होती. एमरी रात्री जेवताना ताटात काटा फिरवत बसायचा. नोएला म्हणाली, "खा तरी. घोडीने उपास नाही केला, तुम्ही का करताय?"

त्याच आठवड्यात त्याला खुब्याच्या तपासणीसाठी समरसाइडला जावं लागलं. अलीरने त्याला नेलं आणि आणलं. परत आला तेव्हा संध्याकाळ झाली होती, नोएला स्वयंपाकघरात फ्रिको, म्हणजे कोंबडी-बटाट्याचा रस्सा, ढवळत होती, आणि ती गप्प होती. नोएला गप्प म्हणजे काहीतरी बिनसलेलं.

"बसली होतीस आज?" एमरीने विचारलं.

"बसले होते."

"मग?"

तिने डाव खाली ठेवला. "धावली. सगळा चढ. वरच्या कुंपणापर्यंत. मग उलट्या बाजूने पण धावली."

एमरीला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण पाठोपाठ त्याने विचारलं, "मग तोंड का पाडलंयस?"

"कारण तुम्ही नव्हता म्हणून धावली, बाबा. तुम्ही आवाज करता. ती झेपेवर गेली की तुम्ही घशातून असं करता." नोएलाने हनुवटी छातीकडे नेली आणि खोल, लांब असा "अंऽऽहं" काढला.

"मी तोंडसुद्धा उघडत नाही."

"तोंड नाही उघडत. घशातून येतो. मीही आधी ऐकला नव्हता, जन्मभर ऐकत आलेय ना. आज तो नव्हता तेव्हा कळला."

"काहीतरीच तुझं," एमरी म्हणाला आणि जेवायला बसला. पण तो अस्वस्थ झाला होता, कारण तो आवाज त्याला ओळखीचा होता. त्याचे वडील पाण्यातल्या घोड्याला तसाच आवाज द्यायचे.

दुसऱ्या दिवशी परीक्षा ठरली. घोडामैदान जवळच होतं. अलीर आणि त्याचे दोस्त नेहमीप्रमाणे कुंपणावर, त्यांना पंच नेमलं. एमरीने आवाज केला तर हात वर करायचा. एमरी शेजारी उभा राहिला, ओठ घट्ट मिटून, हात खिशात. नोएलाने घोडी फिरवली, चढाकडे वळवली, वासा आला, टॅन्सीने उडी मारली आणि झेपावली.

"अंऽऽहं," कुंपणावरून एकसाथ आलं.

घोडी जागच्या जागी थांबली. नोएला वळली. चार म्हातारे एकमेकांकडे बघत होते आणि एकाचाही हात वर नव्हता.

"कुणी केला?" अलीरने विचारलं.

"चौघांनी," नोएला म्हणाली. तिने घोडीच्या मानेवर डोकं टेकलं आणि ती इतकी हसली की तिची टोपी खाली पडली. "पंच म्हणे. चोरालाच किल्ल्या दिल्या मी."

अलीरला पटायला वेळ लागला. तो म्हणाला की बेटावर ज्याच्या हातात कधी लगाम आला त्या प्रत्येकाच्या घशात हा आवाज असतो, तो श्वासासारखा आहे, त्याला आवाज म्हणणंच चूक. "बरोबर आहे," नोएला म्हणाली, "पण ती घोडी त्यालाच आवाज म्हणते. आणि त्यातही बाबांचा. तुमचा नाही ऐकत ती, अलीरकाका, तुम्हाला हे ऐकून वाईट वाटेल."

त्यानंतर एमरीने प्रयत्न केले, नाही असं नाही. गळ्याला मफलर गुंडाळला. तोंडात पाइप धरला. एक दिवस तोंडात मोठा बटाटा कोंबून उभा राहिला, हे अलीरने पुढे सगळ्या चर्चला सांगितलं. जित्याची खोड ती. आवाज थांबला तर खांदे मागे जायचे, आणि घोडी खांदेही वाचायची. शेतात ज्या टोकाला तो असेल त्या टोकाला तिचा एक कान लागलेला असायचा. धावू का, नको का? आयुष्यभर ती त्यालाच विचारत आली होती.

शेवटी एमरी स्वतःच म्हणाला, "मी बंदरावर जातो. तू बस." रोज संध्याकाळी नोएला आली की तो ट्रक घेऊन बंदरावर जायचा, बोटी बघत बसायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचा. "धावली?" "धावली." एवढंच बोलणं. त्याने घडवलेली घोडी धावत होती आणि त्याने ती धावताना पाहिली नव्हती. याचं त्याला वाईट वाटत होतं. पण क्यूबेकच्या गाडीचं आठवलं की ते वाईट वाटणं तो गिळून टाकायचा.

बटाटे निघायला लागले आणि कॉनी आली. एमरीला आधीच ताकीद होती. तो बंदरावर गेला. पण त्या दिवशी त्याला बोटी दिसेनात. त्याने घड्याळ बघितलं, इंजिन चालू केलं, बंद केलं, परत चालू केलं. एव्हाना आटपलं असेल, असं त्याने ठरवलं. माणूस जे हवं असतं तेच ठरवतो. घराच्या वाटेला लागला तेव्हा चढावर टॅन्सी, पाठीवर कॉनी, आणि घोडी उताराकडे तोंड करून सावकाश चाललेली. झालं वाटतं, असं समजून त्याने काच खाली केली आणि विचारलं, "काय, जमलं का?"

झालेलं नव्हतं. कॉनी त्याच क्षणी घोडीला पुन्हा एकदा धावेवर घेत होती. टॅन्सीने पहिली झेप घेतली, आवाज तिच्या कानावर पडला, आणि चारही पाय जमिनीत रोवून ती थांबली. कॉनी सरळ तिच्या मानेवर जाऊन आपटली. पडली नाही, कारण चांगली स्वार होती. नाकातून रक्त मात्र आलं.

नोएलाने ट्रककडे बघितलं. मग ती पाठ फिरवून कॉनीला हात द्यायला गेली. एमरीला त्यापेक्षा तिने शिव्या दिलेल्या चालल्या असत्या. गेली घोडी, त्याच्या मनात आलं. माझ्या तोंडाने गेली.

कॉनी नाकाला रुमाल लावून स्वयंपाकघरात बसली. नोएलाने चहा ठेवला. एमरी दाराशीच उभा राहिला, टोपी हातात.

"बसा ना, एमरी," कॉनी म्हणाली. "मी रागावलेली नाही. घोडी तुम्ही यायच्या आधी दोन्ही बाजूंनी धावली होती. मी फक्त आणखी एकदा बघत होते. धाव सुंदर आहे तिची, शर्यतीत वाया घालवलीत तुम्ही."

"मग?"

"मग हे असं." तिने रुमाल दाखवला. "माझ्याकडे तिच्यावर सात-आठ वर्षांचं पोर बसेल. तुम्ही बघायला याल. तुम्ही काही बोलाल, तिला नव्हे, मला म्हणाल, 'आज हवा बरी आहे.' आणि ती अशीच थांबेल. मी मानेवर गेले, पोर कुंपणावर जाईल."

एमरी टोपी फिरवत राहिला.

"मी तिला नेते," कॉनी म्हणाली. "पण तिच्यासमोर तुमचा आवाज नको. एक शब्द नको. ठाणावर नको, पटांगणात नको, खरारा करतानाही नको. तुमचा आवाज कानावर पडत राहिला तर ती तुम्हालाच विचारत राहणार. तिने मुलांना विचारायला हवं. पुढे कधी बघू, पण मी वचन देत नाही."

"बघायला येऊ?"

"बघायला या. तोंड बंद."

नोएला म्हणाली, "बाबा, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. दुसरं काहीतरी बघू." दुसरं काही नव्हतं हे तिलाही माहीत होतं.

"चालेल," एमरी म्हणाला.

न्यायच्या दिवशी सकाळी त्याने टॅन्सीला खरारा केला. अलीर कुंपणाशी येऊन उभा राहिला आणि आतला आवाज ऐकून परत गेला. एमरी बराच वेळ बोलत होता. कुठल्या वाटेने जाणार, तिथे गवत कसं असेल, कॉनी कडक आहे पण मनाने चांगली आहे, पोरांचे पाय टोचतील तर रागवायचं नाही. मग कॉनीची गाडी आवारात आली आणि तो गप्प झाला. घोडी स्वतःच चढली.

शस्त्रक्रियेआधीच्या एका शनिवारी नोएलाने त्याला कॉनीकडे नेलं. त्याने ट्रक कुंपणापासून लांब लावायला लावला. नोएला कॉनीशी बोलायला आत गेली आणि तो काठी टेकत कुंपणापर्यंत आला.

पटांगणात टॅन्सीवर एक मुलगी होती, दोन वेण्या, हेल्मेट डोळ्यांवर आलेलं. कॉनी मधोमध उभी राहून सूचना देत होती. घोडीने एमरीला आधी बघितलं नाही, वारा उलटा होता. मुलीने टाच लावली आणि घोडी रवालीतून हलकेच धावेवर गेली. एमरी बघत राहिला. पाठ वर, पाठ खाली, तीन ठोके, परत तीन ठोके, आणि वर त्या पोरीच्या वेण्या संथ उडतायत. मान ताठ नव्हती, कान मागे नव्हते. आपण हिला इतकी वर्षं हे करू दिलं नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि ते त्याला फार लागलं.

घोडी वळणावर आली आणि तिने त्याला ओळखलं. कान त्याच्याकडे वळले. ठोका चुकला. धाव हळू झाली, मोडायला आली, आणि तिचा मोठा डोळा त्याच्यावर लागून राहिला. तिला विचारायचं होतं. जा, एवढा एकच शब्द त्याला सांगायचा होता. पण तो शब्द त्याच्या आवाजात निघाला असता तर तोही 'थांब' असाच तिला कळला असता.

एमरीने पाठ फिरवली. काठी टेकत, जमेल तेवढ्या वेगाने तो ट्रककडे चालू लागला. मागे ठोके अडखळले, कॉनीने मुलीला काहीतरी सांगितलं, आणि मग ठोके परत सुरू झाले, एकसारखे, वळण पार करून लांब जाणारे. त्याने वळून बघितलं नाही.

ट्रकमध्ये बसून त्याने दार ओढून घेतलं. आपल्या बाजूची काच वरपर्यंत चढवली, मग हात लांबवून पलीकडचीही. दोन्ही नीट बसल्या आहेत ना, ते बोट फिरवून बघितलं.

"जा गं बाई," तो म्हणाला. "जा, धाव. कुणी काही बोलणार नाही तुला."